बॉयलर मी गाळला

तीन वर्षं झाली, आणि एवढ्या काळात हे मी एकदाही मोठ्यानं उच्चारलेलं नाही. गाडीत एकटा असतानासुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मराठी वाचता म्हणून — कारण मी जे केलं ते मराठी येणाऱ्या माणसालाच कळेल. इंग्रजीत सांगितलं तर मी निर्दोष सुटेन. खरंच सांगतो. इंग्रजीत मी एक शब्दही खोटा बोललेलो नाही.

पण असं मधूनच सुरू करायला नको. आधी बंदुकीचं सांगतो.

बंदूक दिनकरची. दिनकर मूळचा नागपूरचा, राहायला लंडनच्या हाउन्सलोला, काम विमानतळावर — प्रवाशांच्या बॅगा वाहून नेणारे पट्टे बंद पडले की ते चालू करणारा माणूस. मी पुण्याचा, ब्रॅकनेलच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासतो. पंचवीस वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत आरतीच्या वेळी तो माझ्या शेजारी उभा होता आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं चुकीचे शब्द म्हणत होता. तेव्हापासूनची ओळख. माझी बायको, अनुजा, तिच्या आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेली आणि मग तिथलीच झाली. भांडण नाही, कागद नाहीत, फक्त फोन. दिनकरची बायको शोभावहिनी त्यानंतर दोन वर्षांनी गेली, कॅन्सरनं. असे आम्ही दोघं उरलो. शनिवारी सकाळी अकराला तो माझ्याकडे यायचा. मी पोहे करायचो, तो नावं ठेवायचा. "काय बे पुणेकर, कांदा मोजून टाकला का?" मग चहा, मग तळ्याभोवती एक फेरी, मग मॅच असेल तर मॅच. आठवड्यातून तेवढंच. पण तेवढंच होतं, हे लक्षात घ्या.

वहिनी गेल्यावर वर्षभर तो उठायचा, कामावर जायचा, यायचा, झोपायचा. मुलगी केतकी एडिंबरात. मग कामावरच्या कुणीतरी त्याला एका शनिवारी शेतावर नेलं. आमच्याकडून वीसेक मिनिटांवर एक जागा आहे, तिथे यंत्रातून मातीच्या तबकड्या उडवतात आणि लोक त्या बंदुकीनं फोडतात. मातीची कबुतरंच म्हणतात त्यांना. तो तिथून थेट माझ्याकडे आला, बुटांना चिखल, चेहऱ्यावर रंग. "शाकाहारी शिकार बे!" म्हणाला. वर्षभरात मी त्याला पहिल्यांदा भूक लागलेली पाहिली.

लायसनसाठी त्याला एका माणसाचा रेफरन्स हवा होता, मी दिला. मनापासून दिला. सभ्य, स्थिर, विश्वासू — जे जे लिहिता येईल ते लिहिलं, आणि ते सगळं खरं होतं.

तिथे बाकीच्यांच्या बंदुका म्हणजे एकावर एक दोन नळ्या, बाजूला कोरलेले तितर, चामड्याची पेटी. दिनकरला तसली नको होती. त्याला हवी होती पंप — पुढची लाकडी मूठ मागे ओढली की वापरलेलं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. तिथल्या लोकांत पंप घेऊन जाणं म्हणजे लग्नाला स्लिपर घालून जाणं. पण तो म्हणायचा, "त्यांच्या बंदुका म्हणजे पैठण्या. माझी म्हणजे रोजची सुती साडी बे. भाजीला जा, देवळात जा, पाहुणे आले तरी चालते." आणि तीसुद्धा विकत नाही घ्यायची. जोडायची.

जोडण्यात त्याचा जीव होता. वडील फिटर होते त्याचे; घरात म्हणे सायकलपासून मिक्सरपर्यंत काहीच नवं आलं नाही, सगळं तीन मोडक्या वस्तूंतून एक असं आलं. शेताजवळच्या गावात रॉन नावाचा एक म्हातारा बंदुका दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात मागच्या बाजूला खोकी होती — कुणाच्या मोडक्या बंदुकीची नळी, कुणाचा चाप, स्प्रिंगा, खिळे. दिनकर त्या खोक्यांत असा रमायचा की रॉननं त्याला एक स्टूलच देऊन टाकलं. दोन हिवाळे चाललं ते. मधला भाग एका बंदुकीचा, जिचा मालक वारला होता. नळी दुसरीची. लोखंडाचं काम सगळं रॉनच्या हातून किंवा त्याच्या नजरेखाली, कायदेशीर, तपासून, शिक्के मारून. आत दोनच काडतुसं मावतील असं कायमचं बंद करून.

दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, मात्र माझ्या गॅरेजमध्ये झाला.

अक्रोडाचं लाकूड, तिसऱ्याच कुठल्यातरी बंदुकीचं, कुणा धिप्पाड माणसाच्या गालाच्या मापाचं. दिनकर किरकोळ. तो खांद्याला लावून बघायचा, पेन्सिलनं खूण करायचा, आणि मी घासायचो. लाकडाला लायसन लागत नाही, म्हणून ते माझ्याकडे राहायचं. आठवडाभर ऑफिसातून आलो की मी गॅरेजमध्ये पॉलिशपेपर घेऊन बसायचो. टीव्ही लागेनासा झाला. शनिवारी तो येऊन डोळे मिटून दस्त्यावरून हात फिरवायचा, आणि जिथे बोट अडकेल तिथे म्हणायचा, "इथे अजून पुणं आहे." शेवटी जवसाचं तेल लावलं. "चटणी राहिली बाजूला, तेल बंदुकीला," म्हणाला. लाकूड मधासारखं झालं. त्या दिवशी तो म्हणाला, "आपली बंदूक."

आपली. हा शब्द मी फार जपून ठेवला. जरा जास्तच जपला असेन.

बंदूक तयार झाली, आणि शनिवार गेले. हळूहळू गेले. आधी अकराचे साडेबारा झाले. मग रॉनची मंडळी नऊलाच सुरू करतात म्हणून तो परस्पर तिकडे. "येतो जाताना," म्हणायचा. कधी यायचा, कधी नाही. मला चल म्हणाला नाही असं नाही — चारपाच वेळा गेलो मी. कानावर ते मोठे गोळे लावून कुंपणामागे उभा राहायचो. आवाजानं छातीत धस्स व्हायचं. एकदा एका टोपीवाल्या गोऱ्यानं दस्त्याकडे बघून विचारलं, हे सुंदर काम कुणाचं? दिनकर हसत म्हणाला, रॉनचं, सगळं रॉनचं, रॉन मला भावासारखा आहे. माझ्या हातात चहाचा कागदी कप होता. मी त्याच्यापासून चार फुटांवर होतो.

तो विसरला असेल. किंवा इंग्रजीत सोपं ते बोलून गेला असेल. मी घरी आलो, आणि पोहे भिजवलेले होते ते तसेच टाकून दिले.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. हे कारण होऊच शकत नाही. एका माणसानं मला एका वाक्यातून वगळलं — म्हणून काय?

लायसन पाच वर्षांनी नवं करावं लागतं. दिनकरनं पुन्हा माझंच नाव दिलं. मला सांगितलंही, "तुला फोन येईल, तेच सांग जे मागे सांगितलं."

आता तो फोन सांगतो. म्हणजे त्याच्या आधीचा एक फोन सांगतो.

त्याच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी, दिनकरचा फोन आला होता. घर आणि पाणी तापवणारा त्याचा बॉयलर बंद पडून दहा दिवस झाले होते. जानेवारी. मेकॅनिक येतो म्हणायचा आणि यायचा नाही, आला तर पार्ट नाही म्हणायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं चालू केलेला माणूस, पण गॅसच्या बॉयलरला हात लावायची त्याला परवानगी नाही. किटलीत पाणी तापवून आंघोळ करून राहिलो म्हणाला. अर्धा तास त्या मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, मी हसून हसून बेजार. आणि शेवटी तो म्हणाला, "जीव नकोसा करून टाकला बे या बॉयलरनं. एखाद्या दिवशी जीव देऊन टाकतो मी." मग लगेच, "ते जाऊ दे, मुळा मिळते का तुझ्याकडे चांगला?"

तुम्ही हसलात ना? किंवा हसला नसाल, पण दचकलाही नाहीत. कशाला दचकाल? आपण मराठी माणसं दिवसातून दहा वेळा जीव देतो आणि घेतो, आणि संध्याकाळी भाजी निवडायला बसतो. उकाड्यानं जीव जातो, पोरं जीव खातात, पेपरच्या आदल्या दिवशी जीव टांगणीला लागतो. माझी आई तर कुकरची शिट्टी होईना म्हणून मरायला टेकायची.

बुधवारी दुपारी फोन आला. पोलिसांच्या लायसन विभागातल्या बाई होत्या. आवाज चांगला होता त्यांचा, घाईतला नव्हता. मी ऑफिसातल्या छोट्या मीटिंग रूममध्ये गेलो, दार लावलं. किती वर्षं ओळखता, दारू पितात का, घरी कोण कोण असतं. मी उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं — त्यांच्या बोलण्यात, वागण्यात अलीकडे तुम्हाला काळजी वाटावी असं काही आलंय का?

मी थांबलो. किती थांबलो? तीन सेकंद असतील. त्या तीन सेकंदांत मला सगळं माहीत होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे कधी मीच मला फसवायचो. मला सगळं माहीत होतं.

मी म्हणालो, त्याची बायको गेल्यापासून तो एकटा आहे. खरं. मी म्हणालो, गेल्याच आठवड्यात तो मला म्हणाला की जगणं नकोसं झालंय. खरं. आणि एखाद्या दिवशी आपण जीव देऊ, असंही म्हणाला. खरं. इंग्रजीत ही वाक्यं कशी पडतात तुम्हाला माहीत आहे. मराठीत ती हवेत उडतात. इंग्रजीत ती टेबलावर पडतात, आणि तिथेच राहतात.

पलीकडे टाइप करण्याचा आवाज आला. मग थांबला. त्या बाई म्हणाल्या — आणि हे मला रोज ऐकू येतं — "हे त्यांचेच शब्द आहेत का?"

"हो. मराठीत."

"मला तुमची भाषा येत नाही, म्हणून विचारते. ही नुसती बोलण्याची पद्धत असू शकते का?"

दार उघडून धरलं होतं त्यांनी. एक पाऊल टाकायचं होतं. अहो, त्याचा बॉयलर बिघडलाय — एवढंच म्हणायचं होतं. त्या हसल्या असत्या. त्यांच्याही घरी बॉयलर असेलच.

मी म्हणालो, "मी शब्दशः सांगतोय."

बॉयलर मी गाळला.

तुमच्यातलं कुणी म्हणेल, बंदुकीचा मामला आहे, एकटा माणूस, सावध राहिलेलं बरं, तू चांगल्या मनानं बोललास. नाही हो. मला खरोखर काळजी वाटली असती तर मी त्या संध्याकाळी गाडी काढून हाउन्सलोला गेलो असतो. गेलो नाही. फोनही केला नाही. मी काय करत होतो सांगू? शनिवारी दोघांना पोहे किती लागतील याचा हिशोब करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोलीस त्याच्या दारात आले. सभ्य होते, बूट बाहेर काढू का म्हणाले. कपाटातून बंदूक काढली, पिशवीत घातली, पावती दिली. शेजारचे पडद्याआडून बघत होते. मग डॉक्टर, मग फॉर्म, मग प्रश्न — तुम्हाला स्वतःला इजा करावीशी वाटते का? तो नाही म्हणाला. चिडून म्हणाला, आणि चिडला हेही लिहिलं गेलं. पाच महिन्यांनी पत्र आलं. लायसन नाकारलं. कोर्टात जाता आलं असतं. तो गेला नाही. म्हणाला, "मी जगू इच्छितो हे कोर्टात सिद्ध करू का बे?"

केतकीचा मला फोन आला. ती इथेच वाढली, तिचं मराठी तिच्या तिच्या नियमांनी चालतं. "काका, बाबाचा तब्येत ठीक नाही का? तो मला काहीच सांगत नाही. तुम्ही त्याला बघतो ना? थँक गॉड तुम्ही आहे." मी म्हटलं, हो, मी आहे.

आणि दिनकर? त्याला कळेना की हे कुणी सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यानं मोठ्यानं विचार केला. त्याला माझाच संशय यायला हवा होता, रेफरन्स तर माझाच. पण तो म्हणाला, "तू कसा असशील? तुझ्याशी तर मी असलं काही बोललोच नाही कधी." बॉयलरचं बोलणं त्याच्या लेखी बोलणंच नव्हतं. ते आठवणीत राहण्यासारखं नव्हतंच. मग त्याला आठवलं की एकदा रॉनच्या दुकानात, स्टुलावर बसून, त्यानं शोभावहिनींबद्दल सांगितलं होतं. इंग्रजीत. ती गेल्यावर घरात पाऊल टाकवत नाही असं काहीतरी. "त्यालाच बोललो होतो मी. फक्त त्यालाच."

मी कांदा चिरत होतो. मी मान वर केली नाही.

तो रॉनकडे परत गेला नाही. रॉनचा फोन उचलला नाही. आपली बंदूकसुद्धा त्यानं रॉनकडे जाऊ दिली नाही. दुसऱ्याच कुठल्या दुकानदाराकडून मोडीत काढायला लावली. दस्ता तेवढा सोडवून घेतला. वहिनींच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून माझ्याकडे आणला. "तू घासला होतास. राहू दे तुझ्याकडे. लाकडाला लायसन नाही लागत."

म्हणजे विसरला नव्हता तो.

एकदा मी रॉनच्या दुकानी गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, तू दिनकरचा मित्र ना, कसा आहे तो, माझं काही चुकलं का? मी म्हणालो, मला कल्पना नाही. आणि लाकडाला लावायच्या तेलाची एक डबी विकत घेऊन बाहेर आलो.

शनिवार परत मिळाले. अकराच्या ठोक्याला बेल. पोहे, चहा, तळ्याची फेरी. मला हवं होतं ते सगळं तंतोतंत मिळालं. फक्त एक झालं. मला कळायला थोडा वेळ लागला. दिनकर मोजून बोलायला लागला. पोह्यांना नावं ठेवणं बंद. कंटाळा आला तर "आय अ‍ॅम फाइन," थंडी वाजली तर "आय अ‍ॅम फाइन." गेल्या हिवाळ्यात तळ्याकाठी पाय घसरून तो आपटला, आणि उठता उठता म्हणाला, "जीव—" आणि थांबला. इकडेतिकडे पाहिलं त्यानं. आजूबाजूला एक बाई आणि तिचं कुत्रं, बाकी कुणी नाही. मग कपडे झटकले. "नथिंग. चल."

नागपूरच्या माणसाच्या तोंडातून 'जीव' काढून घेतला मी. मग उरतं काय त्याच्या बोलण्यात?

मागच्या शनिवारी तो आला, कोट काढला, बसला. म्हणाला, "रॉन गेला. मुलीकडे राहायला गेला होता, तिथेच." तो चहात चमचा फिरवत राहिला, साखर विरघळून गेल्यावरही. "दोन कार्डं पाठवली होती त्यानं ख्रिसमसला. मी उघडली नाहीत. आता उघडली." मी विचारलं, काय लिहिलंय? "स्टूल अजून तिथेच आहे म्हणून लिहिलं आहे."

मग म्हणाला, "एनीवे."

रॉनला आता काही सांगता येणार नाही. लायसन विभागाला मी सोमवारी पत्र पाठवलं. त्यात ती दोन वाक्यं मराठीत लिहिली, त्यांचा अर्थ लिहिला, आणि बॉयलर लिहिला. त्यानं काही परत येईल असं मला वाटत नाही. बंदूक तर वितळलीच.

हे कागद मी दिनकरसाठी लिहिले. तुमच्यापुढे आधी ठेवले, कारण त्याच्यापुढे पहिल्यांदाच बोलायची वेळ आली असती तर मी पुन्हा काहीतरी गाळलं असतं.

आज शनिवार आहे. दस्त्याला सकाळी तेल लावलं, रॉनच्या डबीतलं. तो टेबलावर ठेवलाय, कागद त्याच्याखाली. पोहे भिजवलेले नाहीत. अकराला पाच कमी आहेत, आणि त्याची गाडी मला वळणावर दिसतेय.